जळकोटच्या पुढचा टेम्पो

सर सायकल घेऊन फाटकाबाहेर आले तरी लगेच निघत नसत. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहत आणि तळहातावर ते काळं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र ठेवून हात आभाळाकडे धरत. यंत्राला उपग्रह सापडल्याशिवाय पायडलवर पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. आभाळ मोकळं असलं की काम पटकन व्हायचं. यंत्र अडून बसलं की सरांचा हात अवघडायचा, मग ते हात बदलायचे, पण जागा सोडायचे नाहीत. आमच्या लातूरच्या गल्लीत नव्यानंच दूध घालायला लागलेल्या माणसाला वाटलं, हे सूर्याची काहीतरी उपासना करतात. तो बिचारा बरेच दिवस मोटारसायकल बंद करून त्यांच्या मागे थांबायचा. पूजा चालू असताना पुढून कसं जायचं, म्हणून. पुढं गल्लीत कुणी विचारात हरवून उभा दिसला, की लोक त्याला विचारायला लागले, "काय, सॅटेलाइट लागलं का न्हाई अजून?"

मी केमिस्ट्री शिकवायचो, सर फिजिक्स. आधी आम्ही एकाच कॉलेजात होतो. पुढं लातूरला कोचिंगचे दिवस आले, गल्लोगल्ली पत्र्याच्या शेडमध्ये बॅचेस भरायला लागल्या, नांदेड-परभणीपासून पोरं पेट्या घेऊन यायला लागली, तेव्हा मी क्लास काढला आणि सरांना बोलावून घेतलं. क्लास माझा होता म्हणून ते मला 'मालक' म्हणायचे. त्यात आदर अजिबात नव्हता. फळा पुसायचं डस्टर सापडलं नाही, तरी "मालकांच्या राज्यात डस्टर न्हाई" असं पोरांसमोर म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. शेवटची काही वर्षं ते नांदेडला मुलाकडे राहत होते. एका सकाळी उठलेच नाहीत. त्यांच्यासाठी एका शाळेच्या हॉलमध्ये छोटी सभा झाली. नातेवाईक होते, जुने विद्यार्थी होते, आणि सायकलवाल्यांचा एक मोठा गट होता. त्यातल्या एकानं सरांची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगितली. साठीच्या सुमारास सर लातूर ते नांदेड या लांब राईडला उतरले. वाटेत दमले आणि गुपचूप टेम्पोत बसले. पण यंत्र बंद करायचं विसरले. यंत्रानं टेम्पोचा वेग इमानानं लिहून ठेवला आणि तपासणीत सर सापडले. तेव्हापासून ते 'टेम्पो सर'. सांगणाऱ्यानं प्रेमानं सांगितलं. हॉल हसला. दुःखाच्या सभेत जसं बरं वाटून हसतात, तसा. पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो.

ती गोष्ट खरी नाही. ती खरी नाही हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि ते मला त्या राईडच्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसलो आहे. पण नुसतं तेवढंच लिहिलं तर सर कसे होते ते कळणार नाही, आणि ते कसे होते ते कळल्याशिवाय त्या दिवशी काय झालं तेही कळणार नाही.

ते यंत्र त्यांना अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलं होतं. सरांना साखर निघाली होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालणं हा वेळेचा अपव्यय आहे असं सरांचं मत पडलं, म्हणून सायकल आली. सायकलच्या मागून यंत्र आलं. त्याचं नाव त्यांनी 'मुनीम' ठेवलं. "मी चालवतो, हा लिहितो," म्हणायचे. राईडवरून आले की ते मुनीमाला कॉम्प्युटरला जोडत आणि नकाशावर उमटलेली लाल रेघ आम्हाला बोलावून दाखवत. त्या रेघांत त्यांना आकार दिसायचे. "हा बघा, गणपती. ही सोंड औशाकडं गेली." मला बटाटा दिसायचा. वहिनींना काहीच दिसायचं नाही. त्या म्हणायच्या, "एवढं हिंडून येता तर येताना कोथिंबीर का आणत न्हाई?"

मुनीमाच्या बाबतीत त्यांचे कायदे होते. रेघ स्वतःच्या फाटकात सुरू व्हायची आणि स्वतःच्या न्हाणीघराच्या दारात संपायची. मधे कुठंही थांबलं तरी यंत्र थांबवायचं नाही. आमच्याबरोबरची तरुण पोरं चहाला थांबली की यंत्राचं बटण दाबून ठेवायची, म्हणजे सरासरी वेग चांगला दिसतो. सर त्यांच्यावर भडकायचे. चहा पिलो तर चहासुद्धा राईडमध्येच धरायचा, तो काटून टाकणं म्हणजे बेइमानी, असं त्यांचं म्हणणं. वर्गात ते स्वतःच्या राईडचा वेग-काळाचा आलेख फळ्यावर काढून शिकवायचे. एकदा एका पोरीनं विचारलं, सर, इथं ग्राफ एवढा वेळ शून्यावर का आहे? सर म्हणाले, "इथं भजी खाल्ली." सरासरी वेग आणि क्षणिक वेग यांतला फरक ती बॅच कधी विसरली नसेल.

आणखी एक सवय होती. सायकलवरून पाय खाली टेकला की पहिल्यांदा हात मुनीमाकडे जायचा. हँडलवरून काढायचा आणि शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचा. एकदा औसा रोडवर टपरीवर बसलेले असताना कुणीतरी त्यांच्या सायकलचा पंप पळवला होता. तेव्हापासून ही सवय हाताला लागली होती, त्यात विचार उरला नव्हता. मंदिरात गेले तरी मुनीम खिशात, लघवीला गेले तरी खिशात, आणि चालूच.

सर छताखाली झोपत नसत. हे मला आधी लिहायला हवं होतं, कारण त्यांच्याबद्दल लोक सगळ्यात आधी हेच सांगायचे. भूकंपाच्या त्या पहाटे लातूरलाही सगळे घराबाहेर पळाले. सर तेव्हा माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, एका जुन्या घरात भाड्यानं राहत होते. ते, वहिनी आणि कडेवरचं पोर बाहेर पडले आणि ज्या खाटेवरून उठले होते त्या खाटेवर भिंत आली. पुढं महिना-दीड महिना सगळं गावच अंगणात, मैदानात, पालं ठोकून झोपत होतं. थंडी पडली तसे लोक एकेक करून घरात गेले. सर गेले नाहीत. त्यांनी पुढं स्वतःचं घर बांधलं, चांगलं पक्कं. त्यात वहिनी झोपायच्या. सर अंगणात बाज टाकून. पावसाळ्यात बाजेवर ताडपत्री. मुनीम आला तेव्हा त्याच्याबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की हे यंत्र छताखाली काम करत नाही, त्याला मोकळं आभाळ लागतं. सरांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाले, "बघा मालक. आमचं जमणार."

भूकंपानंतरच्या पावसात जीपगाड्या चिखलात रुतत होत्या, तेव्हा सर जुन्या सायकलला औषधांची पिशवी बांधून तिकडच्या पडलेल्या गावांत जायचे. त्याबद्दल ते बोलत नसत. एकदाच बोलले. एका गावात दगडमातीच्या ढिगावर उभ्या असलेल्या माणसानं त्यांना विचारलं होतं, माझं घर कोणतं हो? सर त्या गावात पहिल्यांदाच आले होते. "स्वतःच्या घरावर उभा होता तो," सर मला म्हणाले, "आणि मला विचारून राहिला होता." मग त्यांनी विषय बदलला, कोणत्या तरी पोराच्या मार्कांवर आणला.

त्याच भागात बऱ्याच वर्षांनी आमची एक फजिती झाली. आमच्या एका विद्यार्थ्याच्या बहिणीचं लग्न होतं. तोवर सरांनी मलाही सायकलवर बसवलं होतं. माझं वजन आणि ब्लडप्रेशर हा त्यांच्या चेष्टेचा कायमचा विषय होता. लग्नाला सायकलवर जायचं ठरलं. इस्त्रीचे कपडे पिशवीत आणि पुढं मुनीम. मुनीमानं डावीकडे, उजवीकडे करत आम्हाला एका बाभळीच्या रानात नेऊन सोडलं. आजूबाजूला नुसते दगड. एक देवळाचा चौथरा, एक आड, बाकी काही नाही. लांबून कुठून तरी बँड ऐकू येत होता. मग माझ्या लक्षात आलं, हे जुनं गावठाण. भूकंपानंतर गाव इथून उठून पलीकडं नव्यानं वसलं होतं, आणि मुनीमाच्या पोटातल्या नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, "सर, तुमचा मुनीम चुकला."

"मुनीम न्हाई चुकला," सर म्हणाले. "गाव हललं."

अक्षता चुकल्या, पंगत सापडली. परतताना सर पुन्हा त्या बाभळीत गेले आणि बराच वेळ आडाच्या काठाशी उभे राहिले. हे त्या ढिगावरच्या माणसाचं गाव होतं का, ते मी विचारलं नाही. पुढचे कित्येक रविवार ते एकेका हललेल्या गावात जाऊन, नव्या वेशीत उभं राहून, मुनीमाला नवी जागा दाखवत फिरले. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं पुढं कुणी काही केलंही नाही.

आता ती राईड.

सायकलवाल्यांच्या एका गटानं लातूरहून उदगीर, जळकोट, कंधार, लोहा करत नांदेडपर्यंत एका दिवसाची राईड ठेवली. ठरलेल्या वेळेत पोचायचं, मग यंत्रातली रेघ गटाच्या लोकांना दाखवायची. ती बरोबर असली तर राईड धरली जाणार आणि पदक मिळणार. पदकाचं सरांना काही नव्हतं. त्यांना ती रेघ हवी होती. लातूर ते नांदेड अशी एक अखंड रेघ मोठ्या कागदावर छापून वर्गात लावायची, असं त्यांनी वर्षभर आधीच ठरवलं होतं, भिंतही ठरवली होती. आम्हा दोघांशिवाय बाकी सगळे चाळिशीच्या आतले. मी गेलो ते सरांनी पिच्छा पुरवला म्हणून, आणि खरं सांगायचं तर क्लासच्या जाहिरातीला फोटो होईल म्हणूनही.

जानेवारीतली सकाळ होती. उदगीरपर्यंत छान गेलो. जळकोट मागं पडलं, चढ लागला, बाकीचे पुढं निघून गेले, आणि थंडीत मला घाम फुटला. डावा हात जड झाला. मी म्हणालो, पित्त झालंय, जरा बसतो. सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक आखाडा होता, शेतातलं पत्र्याचं घर, पुढं कडुनिंब. त्याखाली मला आडवं केलं, सायकली झाडाला साखळीनं बांधल्या, तिथल्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तुरीची पोती घेऊन एक टेम्पो उदगीरच्या मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, चालला होता. ड्रायव्हर आधी चिडला, मग मला पाहून खाली उतरला. मला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. सर मागं पोत्यांवर बसले. मुनीम खिशात होता. चालू.

उदगीरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, हार्टचं आहे, वेळेत आणलंत, आता हैदराबादला हलवा. माझा मुलगा लातूरहून निघाला होता. मी खाटेवर पडल्या पडल्या एकच विचार करत होतो. नांदेडला क्लासची शाखा काढायचं चाललं होतं, जागा ठरली होती, भागीदार ठरला होता. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ॲडमिशन सुरू व्हायच्या होत्या. लातूरला पालक मास्तर बघून क्लास निवडतात. केमिस्ट्रीवाल्याला अटॅक आला ही बातमी फुटली की पोरं शेजारच्या क्लासात, आणि भागीदारही. मी सरांचं मनगट धरलं.

"सर, हे कुणाला सांगू नका."

"बरं."

"वहिनींनापण न्हाई."

"बरं म्हणलो की."

"शब्द द्या."

"मालक, मी कधी खोटं बोलून राहिलो का तुमच्याशी? न्हाई सांगत. कुणालाच न्हाई. डोळे मिटा आता."

मुलगा येईपर्यंत ते बसून होते. मग गेले. कुठं गेले ते मी विचारलं नाही. मला वाटलं, घरी गेले असतील.

ते घरी गेले नव्हते. पोती उतरवून तोच टेम्पो रिकामा परत निघाला होता. त्यात बसून सर त्याच आखाड्यापाशी उतरले. कडुनिंबाची साखळी सोडली, मुनीम हँडलला लावला आणि जिथं राईड सोडली होती त्याच जागेवरून पुढं निघाले. कंधार, लोहा करत एकटे नांदेडला पोचले. वेळ संपायला थोडा अवकाश होता, म्हणजे वेळेत पोचले. हे मला बऱ्याच दिवसांनी टेम्पोवाल्याकडून कळलं. माझी सायकल आणायला माणूस पाठवला होता, त्याला तो तिथं भेटला.

नांदेडला गटातल्या एका तरुण इंजिनिअरनं सरांचं यंत्र तपासलं. त्याला वेगाच्या आलेखात उंच सुळके दिसले. सायकलीला शक्य नाहीत असे. नकाशावर मात्र काहीच वेगळं नव्हतं, कारण रस्ता एकच होता. सर पुढं गेले, मागं आले, परत पुढं गेले, तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या आणि एकच दिसली. सगळे दमलेले, जेवणं राहिलेली. बारकाईनं कोण बघतो? त्यानं विचारलं, सर, तुम्ही गाडीत बसला होतात का? सर म्हणाले, बसलो होतो. का बसलात? तर सर म्हणाले, ते सांगता येत नाही. मग राईड धरता येणार नाही, असं तो म्हणाला, आणि सर म्हणाले, बरोबर आहे, नियम म्हणजे नियम. हे मला त्या इंजिनिअरनंच सांगितलं, नंतर, हसत हसत. मालकांचं काय झालं म्हणून कुणी विचारलं, तर सर एवढंच म्हणाले होते की ते उदगीरला थांबले. त्यातही खोटं काही नव्हतं.

मी हैदराबादहून आलो. लोकांना पित्ताचा त्रास आणि नव्या पुस्तकाचं काम असं सांगितलं होतं. नांदेडची शाखा निघाली, ॲडमिशन झाल्या, क्लास वाढला. दरम्यान 'टेम्पो सर' हे नाव पोरांपर्यंत पोचलं होतं. सर वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी हॉर्नचा आवाज काढायचं. सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "गाडी बाजूला घ्या, मला जाऊ द्या," आणि शिकवायला लागायचे. एकदा स्टाफरूममध्ये इंग्रजीवाले मास्तर सरांची फिरकी घेत होते, की आता बढती घ्या, पुढच्या राईडला एसटीत बसा. सगळे हसले, मी हसलो. सर माझ्याकडे न बघता कपात चहा ओतत होते. त्यांनी पहिला कप माझ्यापुढं सरकवला.

याच्याहून वाईट एक आहे, तेही लिहितो. त्या वर्षीच्या जाहिरातपत्रकासाठी आमच्याकडे सरांचा सायकलसोबतचा एक फार चांगला फोटो होता. मी तो पत्रकातून वगळायला लावला. पालक विचारतील, चर्चा होईल, असं मी छापणाऱ्याला सांगितलं. त्याऐवजी सरांना टाय लावून फोटो काढून घेतला. पत्रक हातात आल्यावर सरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यांना काय झालंय ते कळलं असणार, न कळण्यासारखं काही नव्हतं. म्हणाले, "टायमध्ये मी एलआयसी विकायला आल्यासारखा दिसून राहिलो." आणि क्लासवर गेले.

मी कधी बोललो नाही. आधी ॲडमिशन होत्या. मग भागीदार होता. मग भागीदारही गेला, मी क्लास मुलाच्या हातात दिला, माझ्या हार्टचं आता कुणाला काही देणंघेणं उरलं नव्हतं. पण तोवर ती गंमत झाली होती. गमतीवर एवढ्या वर्षांनी खुलासा कसा करायचा? असं मी स्वतःला सांगत गेलो. सर मात्र माझ्याकडे यायचे, चहा प्यायचे, माझ्या गोळ्या संपल्या का विचारायचे. त्या दिवसाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. वर्गातली ती भिंत मोकळीच राहिली.

सभा संपल्यावर तो इंजिनिअर, आता केस पांढरे झालेला, हॉलबाहेर चपला शोधत होता. मी त्याला सहज म्हणून विचारलं, की समजा, राईडमध्ये कुणी आजारी माणसाला पोचवायला गाडीत बसला, आणि परत त्याच जागेवर येऊन सायकल चालवायला लागला, तर?

"तर काय, धरतो की राईड," तो म्हणाला. "सोडली तिथूनच सुरू केली, वेळेत पोचला, काय हरकत आहे?" त्याला चपला सापडल्या. तो गेला.

म्हणजे एक वाक्य पुरलं असतं. सरांनी ते सांगितलं नाही, कारण मला शब्द दिला होता. मी सांगितलं नाही, कारण मला ते सोयीचं नव्हतं.

काही दिवसांनी मी नांदेडला वहिनींकडे गेलो. दुपार होती. त्या जमिनीवर बसून ताटात गहू निवडत होत्या. मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग सांगितलं, सगळं. कडुनिंब, टेम्पो, उदगीर, मनगट धरलं ते, शब्द घेतला तो. माझी समजूत अशी होती की सरांनी निदान बायकोला सांगितलं असेल. माणूस कुठं तरी सांगतोच.

वहिनींचे हात थांबले. मग त्या हळूहळू बोलायला लागल्या. त्या राईडवरून आल्यावर सर दोन दिवस गप्प होते. लोकांकडून वहिनींच्या कानावर आलं तेव्हा त्यांनीच सरांची समजूत घातली होती, की वय झालं, बसलात टेम्पोत तर काय आभाळ कोसळलं? मी मनात धरलं न्हाई, असं त्या म्हणाल्या होत्या. सर म्हणाले, बरं. पुढं घरात त्याचं एक हत्यारच झालं. सर पोराला, नातवाला खरेपणावर काही सुनवायला लागले, की वहिनी स्वयंपाकघरातून एवढंच म्हणायच्या, "टेम्पो." सर हसायचे आणि गप्प बसायचे. दरवेळी.

"मी त्यांना माफ केलं होतं भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्यांना माफ करून राहिले होते. अन् ते करून घेत राहिले."

त्या परत गहू निवडायला लागल्या, पण खडे आणि गहू एकाच बाजूला पडत होते. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "तुमचं हार्ट आता कसं हाय?"

मी म्हणालो, बरं आहे.

"मग मोठ्यानं बोलायला हरकत न्हाई तुम्हाला. त्या दिवशी सभेत जेवढे हसले, तेवढ्यांना सांगा. मला एकटीला सांगून काय?"

त्या घरातून मी आयुष्यात पहिल्यांदा चहा न घेता बाहेर पडलो. त्यांनी विचारला नाही, मी थांबलो नाही.

सभेत हसलेले सगळे आता एका ठिकाणी मला सापडायचे नाहीत. कुणी नांदेडला आहे, कुणी पुण्याला, कुणी परदेशात. ज्यांनी वर्गात हॉर्न वाजवला ते डॉक्टर, इंजिनिअर झाले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या हाती हे पडेल, त्यानं पुढच्याला सांगावं. सरांनी त्या दिवशी लातूरच्या स्वतःच्या फाटकापासून नांदेडपर्यंतचा सगळा रस्ता सायकलवर कापला. उदगीर, जळकोट, कंधार, लोहा, सगळा. हातभर रस्ताही त्यांनी गाळला नाही, आणि ते वेळेत पोचले. टेम्पो माझ्यासाठी होता.